एका ओळीची माया

तिचं खरं नाव घेणारं गावात कुणी उरलं नव्हतं. धाकटी बहीण होती, पण ती अक्का म्हणायची. बाकी सगळ्यांसाठी ती मापमावशी. गळ्यात टेप, कानामागे खडू, आणि नजर अशी की गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेपर्यंत त्याची छाती, कंबर, खांदा सगळं मोजून झालेलं असायचं. "दोन इंच सुटलास रे," असं ती भर रस्त्यात तोंडावर सांगायची. बेकरीवाल्यानं एकदा वाद घातला होता की मी काही जाड झालो नाही, पँट धुऊन आटली आहे. "कापड आटलं तर सगळीकडून आटतं," ती म्हणाली होती, "तुझं बरं फक्त पोटावरच आटलं." तरी माणसं तिच्याकडेच यायची. मापमावशीच्या मापात पाप नाही, असं गाव म्हणायचं.

मुलांचे कपडे शिवणं तिला सगळ्यात जास्त आवडे. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात. पोर वाढलं की टीप उसवायची, माया सोडायची, कपडा पुन्हा अंगाला येतो. आया यायच्या आणि म्हणायच्या, "मावशी, माया भरपूर ठेवा हं, पोरगी नुसती वाढतेय." ती म्हणायची, "माया माझ्याकडे पुष्कळ आहे, कापड तेवढं तू आण." कात्री लावण्याआधी ती डोळे मिटून देवाचं नाव घ्यायची. कापलेलं पुन्हा जोडता येतं, पण अखंड होत नाही, हे तिला धंद्यानं शिकवलं होतं.

हे सगळं लढाईच्या आधीचं आणि नंतरचंही. मधला एक दिवस मात्र असा होता, की त्या दिवसाबद्दल ती बोलत नसे.

एकतीस वर्षांपूर्वी एका सकाळी, गावात छावणी टाकून बसलेल्या सैन्यानं भोंग्यावरून पुकारलं की बायका, मुलं आणि म्हाताऱ्या माणसांनी शाळेच्या आवारात जमावं, तिथे सुरक्षित राहतील. माणसं गेली. दुपारी शाळेत ट्रक आले आणि सगळ्यांना भरून घेऊन गेले. सत्तावन्न माणसं. त्यातलं परत कुणी आलं नाही. त्यांत तिच्या बहिणीच्या दोन मुली होत्या, सात वर्षांची थोरली आणि चार वर्षांची गुंडी. ती जन्मली तेव्हा शर्टाच्या गुंडीएवढी होती, म्हणून मापमावशीनंच ते नाव ठेवलं होतं. बहीण तेव्हा शहरातल्या इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला होती, रस्ते बंद झाल्यामुळे तिकडेच अडकली होती. मुली मापमावशीच्या ओटीत घालून गेली होती.

एवढी वर्षं ती माणसं कुठे गेली हे कुणालाच कळलं नव्हतं. यंदा गावाबाहेरच्या बंद पडलेल्या वीटभट्टीच्या जागेवर कुणी गोदाम बांधायला पाया खणला, तेव्हा ती सापडली.

बाहेरून एक डॉक्टरीणबाई आल्या, हाडांवरून माणूस ओळखणाऱ्या. खड्ड्यात चुना टाकलेला असल्यामुळे रक्ताच्या नात्याशी हाडं जुळवण्याचा प्रयत्न फसला. कपडे मात्र चुन्यानं बरेचसे राखले होते. कुणीतरी बाईंना सांगितलं, गावात एकच शिंपीण होती, आणि ती अजून आहे.

जुन्या शाळेच्या सभागृहात लांब टेबलं मांडली होती. त्यांवर धुऊन वाळवलेले कपडे, सगळ्यांना आता एकच रंग, मातीचा. प्रत्येकावर नंबराचा कागद. मापमावशीनं चष्मा पुसला, देवाचं नाव घेतलं आणि पहिल्या टेबलाशी गेली.

"तीन नंबर मास्तरांचा कोट," ती म्हणाली. "डावा खांदा अर्धा इंच खाली होता त्यांचा. आत कापूस भरलाय बघा, दिसू नये म्हणून. जन्मभर एकाच हातानं फळ्यावर लिहिलं त्यांनी."

कारकून लिहून घेत होता.

"हा स्कर्ट बेकरीवाल्याच्या बायकोचा. उजव्या बाजूला आत चोरखिसा असेल. नवऱ्यापासून लपवून सिगारेटी ओढायची. मला म्हणाली होती, मावशी, असा शिव की माझ्या हातालासुद्धा शोधावा लागेल."

"त्यात काडेपेटी मिळाली आहे," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या.

"मग तीच."

दुपारपर्यंत तिनं तेवीस माणसं ओळखली. कॉलरवरून, काजांवरून, ठिगळांवरून. डोळ्याला पाण्याचा टिपूस नव्हता. कारकुनानंच दोनदा बाहेर जाऊन तोंड धुतलं.

अठ्ठावीस नंबरला ती थांबली. लहान मुलीचा फ्रॉक, एकेकाळचा पिवळा. गळ्याला गोल कॉलर, पुढे तीन काजं, पांढऱ्या दोऱ्याची. ती काजं तिनं थोरलीच्या सातव्या वाढदिवसाला केली होती.

"थोरली," ती म्हणाली. "माझी भाची. वय सात."

डॉक्टरीणबाईंनी हातातला कागद पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं. "मावशी, पुन्हा एकदा बघता का? या कपड्यातली हाडं फार लहान आहेत. चार वर्षांचं मूल असावं."

"बाई, हा फ्रॉक मी बेतला, मी कापला, मी शिवला. छाती चोवीस, उंची बावीस. तुमची हाडं चुन्यात आटली असतील. माझ्या मापात पाप नसतं."

बाईंनी वाद घातला नाही. कारकुनानं 'थोरली, वय सात' असं लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. ते तिला दिसलं आणि रागही आला.

आता थोरली सापडणं म्हणजे काय, हे समजायला बहिणीची गोष्ट सांगायला हवी. त्या दिवसानंतर महिन्याभरानं एक ट्रकवाला सांगत आला होता, की त्या दिवशी सीमेच्या रस्त्यानं एक मुलगी पळताना दिसली, सहा-सात वर्षांची. एवढंच. कपडे त्याला आठवत नव्हते. पण बुडत्याला काडीचा आधार. बहिणीनं तेव्हापासून शोध धरला. निर्वासितांच्या प्रत्येक छावणीला, प्रत्येक अनाथाश्रमाला पत्र. रेडिओवर निवेदन. सगळीकडे तेच लिहिलेलं: वय सात, पुढचे दोन दात पडलेले, अंगात पिवळा फ्रॉक. गुंडी गेली हे तिनं मनाशी धरलं होतं, चार वर्षांचं पोर एकटं कुठे पळणार? पण थोरली तिच्यासाठी जिवंत होती. दर वर्षी तिचं वय मोजायची. "अडतीस लागलं असेल गं आता तिला," असं भाजी निवडता निवडता म्हणायची, आणि मापमावशी मशीन जोरात चालवायची.

त्या संध्याकाळी मापमावशीनं तिला सांगितलं. बहिणीनं हातातली इस्त्री उभी केली.

"बरं झालं," ती म्हणाली. "कळलं तरी. आता दाराची कडी वाजली की उठायला नको." आणि मग म्हणाली, "मला तो फ्रॉक एकदा हातात घेऊ देतील का? आयुष्यभर लोकांच्या चादरी धुतल्या. पोरीचा शेवटचा कपडा दुसऱ्यांनी धुतला."

दुसऱ्या दिवशी दोघी गेल्या. डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली. बहिणीनं फ्रॉक दोन्ही तळव्यांवर घेतला, ओल्या कपड्यासारखा. मग धोबीखान्यातल्या सवयीनं तिनं तो उलटा केला. तिकडे प्रत्येक कपडा आधी उलटा करायचा, शिवणीतली घाण बघायची, असा नियमच होता. शिवण तिनं बोटानं उघडली आणि थांबली.

"अक्का, हा हिरवा दोरा कसला?"

"कुठे?"

"दोन्ही काखांखाली. इतके ओबडधोबड टाके तुझे नसतात. कुणीतरी घाईघाईत फ्रॉक आत घेतलाय."

मापमावशीनं वाकून पाहिलं. चार टाके इकडे, चार टाके तिकडे. हिरवट खाकी दोरा, जाड, सैन्याच्या शर्टांचा.

त्या सकाळी तिच्या मशीनवर शर्टांचा ढीग होता. छावणीतून आणून टाकलेले, बटणं लावायला आणि फाटलेलं शिवायला. नाही म्हणायची सोय नव्हती. दारात एक शिपाई बसवलेला, मिसरूडही नीट न फुटलेला. भोंगा वाजला तेव्हा बारा शर्ट राहिले होते. शिपाई म्हणाला, "तू हे संपव, पोरी पुढे जाऊ देत." तिनं त्यांना बेकरीवाल्याच्या बायकोबरोबर पाठवायचं ठरवलं. तेव्हा गुंडीनं भोकाड पसरलं. तिला ताईचाच फ्रॉक हवा होता, पिवळा, आत्ताच्या आत्ता. आणि थोरली, ती गुणी पोर, म्हणाली, "घालू दे तिला, मी शाळेचा निळा घालते." फ्रॉक गुंडीच्या खांद्यावरून घसरत होता. मापमावशीनं तो तिच्या अंगावरच चिमटीत धरला आणि सुईत जो दोरा होता त्यानंच दोन्ही काखांखाली चार-चार टाके घातले. "हलू नकोस गं, टोचेल," असं म्हणाली होती. ते तिचं त्या पोरीशी शेवटचं बोलणं.

एकतीस वर्षं हे तिला आठवलं नव्हतं. शिंप्याचं डोकं असंच असतं. कपडा ज्याच्या मापाचा, त्याचाच तो. मग अंगात कुणी का घालेना. बहीण दोन दिवसांनी धडपडत घरी पोचली आणि तिनं पहिला प्रश्न विचारला, "माझ्या पोरींच्या अंगात काय होतं?" तेव्हा मापमावशीच्या तोंडून आलं, "थोरलीच्या पिवळा फ्रॉक." मग तेच कागदावर गेलं, तेच रेडिओवर, आणि सांगून सांगून तेच खरं झालं.

सभागृहात ती एवढंच म्हणाली, "घरी चल. घरी सांगते."

वाटेत तिला सुचेल ते सगळं सुचलं. सांगायचं की शाळेत कुणा बाईनं टाके घातले असतील. सांगायचं की आठवत नाही. बहिणीला एकच रात्र शांत झोप लागली होती, ती कशाला काढून घ्यायची? देवाला तिनं मनात विचारलं. पण देव अशा वेळी माणसालाच बोलायला लावतो.

घरी येऊन तिनं मशीनचा खालचा खण उघडला. काजाच्या रिळांखाली एक पत्र होतं, चार घड्या घातलेलं. सीमेपलीकडच्या एका छावणीतून आलेलं, त्या दिवसानंतर चौथ्या महिन्यात. बहिणीला ते पाठ होतं. आमच्याकडे सातेक वर्षांची मुलगी आहे, दात पडलेले, बोलत नाही, नाव सांगत नाही, अंगात शाळेचा निळा गणवेश. आपली असल्यास महिनाअखेरपर्यंत यावे, पुढे मुलांना दुसरीकडे हलवण्यात येईल.

तेव्हा बहिणीनं विचारलं होतं, "अक्का, निळा म्हणतात. बघून येऊ का?" रस्त्यात सुरुंग पेरलेले होते. आणि मापमावशी म्हणाली होती, "आपल्या पोरीच्या अंगात पिवळा होता. मी शिवलाय, मला ठाऊक नसेल का? उगीच दुसऱ्याच्या पोरीसाठी जीव घालवशील."

आता तिनं पत्र बहिणीच्या मांडीवर ठेवलं आणि सगळं सांगितलं. शर्ट, भोकाड, चार टाके. आवाज न चढवता, न थांबता, एखाद्याला माप वाचून दाखवावं तसं.

बहीण पत्राकडे बघत राहिली.

"निळा," ती म्हणाली.

"हो."

"मी जायला निघाले होते. चप्पल घातली होती मी."

"हो."

"तू माझी पिशवी काढून घेतलीस हातातली."

बहिणीनं पत्राच्या घड्या पुन्हा घातल्या, जुन्याच रेघांवर. इस्त्री लावली आणि शेजाऱ्यांचे कपडे करत बसली. त्या दिवसापासून ती अक्काशी बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या, ताट भिरकावलं असतं, तर मापमावशीला श्वास घेता आला असता. बहीण रोज तिला वेळेवर वाढायची, पाणी ठेवायची, आणि तिच्या आरपार बघायची.

तिनं एकटीनंच छावणीच्या पत्त्यावर पत्र टाकलं. तीन आठवड्यांनी परत आलं. पाकिटावर शिक्का होता: असे ठिकाण नाही.

याच दिवसांत रेडिओवर पुन्हा लढाईच्या बातम्या सुरू झाल्या होत्या. सीमेवर सैन्य हलतंय, तरुणांनी नावं नोंदवावीत. दुकानात एक माणूस आला, सभ्य, बगलेत फाइल. दोनशे गणवेश हवेत म्हणाला.

"मला दिसत नाही आता," मापमावशी म्हणाली.

"अहो मावशी, आत्ताच तर तुम्ही मला म्हणालात की माझी डावी बाही लांब आहे."

"तेवढंच दिसतं. बाहेर जा."

स्मारकाचा दगड शाळेच्या आवारात बसवायचं ठरलं होतं. पाथरवट यादी घेऊन घरोघर फिरत होता, नावांची अक्षरं तपासायला. सत्तावन्नपैकी बेचाळीस ओळखली गेली होती. बाकीच्यांची नावंही घालायची होती, कारण ट्रकमध्ये चढताना त्यांना पाहिलेलं होतं. तो दोघींच्या घरी आला, तेव्हा बहिणीनं दार उघडलं.

"गुंडीचं नाव बरोबर आहे का बघा ताई. आणि ही थोरली."

"थोरलीचं कोरू नका," बहीण म्हणाली.

"मग छप्पन होतील. तालुक्याचे साहेब म्हणाले सत्तावन्न."

"साहेबांना म्हणावं, त्यांच्या पोरीचं कोरा."

पाथरवट बिचारा गोंधळला. म्हातारा माणूस, बोटांची कातडी दगडासारखीच झालेली. त्यानं आतल्या बाजूला मशीनवर बसलेल्या मापमावशीकडे पाहिलं. "हरकत नाही," तो म्हणाला. "तसंही अशा दगडांवर आम्ही खाली जागा ठेवतोच. पाच-सहा ओळी. नंतर कुणी सापडतं, नंतर आणखी काही होतं. सारखा नवा दगड कोण बसवणार?"

मापमावशीचा पाय मशीनवर थांबला. "आणखी काही म्हणजे?"

"म्हणजे आता ऐकताय ना मावशी, रेडिओवर."

"म्हणजे तुम्हीसुद्धा माया ठेवता," ती म्हणाली.

"काय म्हणालात?"

"काही नाही. एकच ओळ ठेवा. बाकी सगळा दगड भरून टाका. अक्षरं मोठी करा, कडेपर्यंत न्या, काहीही करा. एकच ओळ."

बहिणीनं तिच्याकडे मान वळवली.

दगड बसवला त्या दिवशी बरीच माणसं आली. साहेब आले, दोन भाषणं झाली, त्यांत आपल्या हुतात्म्यांचा बदला हा शब्द चारदा आला. नावं वाचायचं काम मापमावशीकडे होतं, कारण बाकी कुणाला ती सगळी माणसं माहीत नव्हती. तिनं छप्पन नावं वाचली, एकेकाला थांबून. मास्तर. बेकरीवाल्याची बायको. गुंडी. मग कागद दुमडला आणि ध्वनिक्षेपकासमोरून बाजूला झाली नाही.

"मला भाषण येत नाही," ती म्हणाली. "मापं येतात. ज्यांनी आपल्या माणसांना ट्रकमध्ये भरलं, त्यांच्या शर्टांची बटणं त्या सकाळी मी लावली. माझ्याच हातांनी लावली. त्यांची मापं मला पाठ आहेत. चौतीस, छत्तीस. आपल्या मास्तरांच्या मुलाचं छत्तीसच होतं. मी खूप शोधलं, पण मला फरक सापडला नाही. देवानं दोघांना एकाच बेतानं कापलेलं होतं."

साहेबांनी घड्याळात पाहिलं.

"कपड्यात आम्ही माया ठेवतो, कारण पोरं वाढतात. दगडात खाली जागा ठेवतात, कारण मेलेले वाढतात. हे मला परवाच कळलं. या दगडावर खाली एक ओळ रिकामी दिसतेय. ती रिकामी नाही. ती माझ्या भाचीची आहे. मेली असेल तर तिची, कुठे जिवंत असेल तरी तिचीच. माझ्या चुकीमुळे आई तिच्यापर्यंत पोचली नाही. आता तुमच्या कुणाच्या पोराचं नाव तिथे आणू नका. या दगडावर जागा नाही. हात जोडते तुम्हाला, जागा नाही."

कुणी टाळी वाजवली नाही. बेकरीवाला खाली मान घालून उभा होता. मागून एका तरुणानं विचारलं, उद्धटपणे नव्हे, खरंच विचारायचं म्हणून, "आजी, पण ते आले तर?" ती त्याच्याकडे बघत राहिली. छाती छत्तीस, खांदा सतरा. त्याच्या खिशात नाव नोंदवल्याची चिठ्ठी होती.

पुढल्या आठवड्यात ट्रक जायला लागले, शाळेच्या समोरच्याच रस्त्यानं, दिवसभर. तरुण मुलं त्यांतून हात हलवत होती. धुळीचा थर दगडावर बसायचा, आणि खालची कोरी ओळ सगळ्यात आधी मळायची, कारण तिच्यावर अक्षरांच्या खाचा नव्हत्या.

बहीण रोज सकाळी ओलं फडकं घेऊन तिथे जायला लागली. गुडघे टेकून ती तेवढी एक ओळ पुसायची, इस्पितळाच्या चादरीवरचा डाग काढावा तशी, इकडून तिकडे आणि पुन्हा तिकडून इकडे. मापमावशी बादली घेऊन मागे जायची आणि चार पावलांवर उभी राहायची. बहीण तिला ये म्हणायची नाही, जा म्हणायची नाही.

नवव्या का दहाव्या दिवशी ट्रकांची रांग फार लांब होती. फडकं काळं झालं, पिळून पिळून पाणी सुटेना. बहिणीनं मागे न बघता हात लांब केला.

"बादली इकडे सरकव," ती म्हणाली.

मापमावशीनं सरकवली. धुळीत दोघी वाकल्या. रस्त्यावरून ट्रक जातच होते.